सभेत उभं राहून प्रश्न विचारला, तर तो गुन्हा होतो का?

मागे एका निवडणुकीत आमच्या तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या पटांगणावर प्रचारसभा होती. उमेदवाराचं भाषण रंगात आलं होतं. माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसलेले एक म्हातारबाबा उठले. डोक्याला टोपी, हातात चार घड्या घातलेली पीकविम्याची पावती. "साहेब, इम्याचं काय झालं तेवढं सांगा," एवढंच म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही म्हणून परत म्हणाले, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा त्यांना म्हणता आलं नाही. गळ्यात पक्षाचं उपरणं घातलेली चार पोरं आली, दोघांनी दंडाला धरलं, एकानं पावती हिसकावली, आणि बाबांना खुर्च्यांमधून ओढत बाहेर नेलं. त्यांची एक चप्पल तिथंच राहिली. बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या हवालदारानं "चला बाबा, तुमच्याच भल्याचं सांगतोय" म्हणत त्यांना गाडीत बसवलं. भाषण पुढे सुरू झालं.

शेजारी बसलेले गृहस्थ मला म्हणाले, "सभेत असं मधे बोलायचं नसतं. कायदाच आहे तसा."

मी कायदा वाचायला घेतला तो या एका वाक्यामुळे. त्यांचं म्हणणं सगळंच चुकीचं नव्हतं, असा कायदा खरोखर आहे. पण त्यात जे लिहिलंय आणि आपल्या सभांमध्ये जे घडतं, त्यात इतकं अंतर आहे की ते नीट सांगितलं पाहिजे असं मला वाटत राहिलं.

सुरुवात राज्यघटनेपासून करू. कलम १९ मध्ये दोन हक्क एकाखाली एक लिहिले आहेत. पहिला बोलण्याचा आणि मत मांडण्याचा, दुसरा शांततेनं आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा. राजकीय सभा या दोन्ही हक्कांवर उभी असते. माईक हातात असलेल्या माणसाला हे हक्क आहेत, तसेच ते सतरंजीवर बसलेल्याला आहेत आणि मैदानाबाहेर काळा झेंडा घेऊन उभ्या असलेल्यालाही आहेत. पक्षाचा माणूस, विरोधक, कुठलाच नसलेला माणूस, असा भेद घटनेत नाही.

हे हक्क अमर्याद नाहीत. बोलण्यावर बंधन घालायचं तर सरकारला आठ कारणांपैकी एक दाखवावं लागतं: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथं संपते. नेत्याची पंचाईत झाली, भाषणाची लय तुटली, कॅमेऱ्यासमोर शोभा गेली, ही कारणं त्यात नाहीत.

सभांच्या बाबतीत नेहमी पुढे केलं जातं ते कारण सार्वजनिक सुव्यवस्थेचं. इथं एक घोटाळा होतो. 'कायदा व सुव्यवस्था' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, कायद्यात मात्र ते वेगळे आहेत. १९६५ मध्ये राम मनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी हा फरक तीन वर्तुळांच्या चित्रानं समजावला. सगळ्यात मोठं वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचं. त्याच्या आत लहान वर्तुळ सार्वजनिक सुव्यवस्थेचं. त्याच्याही आत सगळ्यात लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन माणसं चौकात भांडली तर बाहेरच्या मोठ्या वर्तुळातली गोष्ट झाली. तेवढ्यानं गावाचं जनजीवन विस्कटत नाही. एका माणसानं सभेत उभं राहून दोनदा प्रश्न विचारला तर आतल्या वर्तुळाला धक्का लागला असं म्हणणं फार ओढूनताणून होईल.

मग विरोध कसा केला तर चालतो? १९६२ च्या कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निदर्शनं हा मत मांडण्याचाच एक प्रकार मानला. सरकारी नोकरांना कुठलंही निदर्शन करायला बंदी घालणारा बिहारचा नियम त्या निकालानं गेला. न्यायालयानं दोन टोकं दाखवली: जमावानं दगडफेक केली तर त्याला घटनेचं संरक्षण नाही, छातीला बिल्ला लावून गाऱ्हाणं मांडलं तर आहे. आपल्याकडचं बहुतेक राजकारण या दोन टोकांच्या मधे चालतं. काळे झेंडे, घोषणा, पाठ फिरवून उभं राहणं, कांद्याच्या माळा, रिकाम्या घागरी हे सगळं बिल्ल्याच्या बाजूचं. मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांच्या ताफ्याला काळा झेंडा दाखवल्याच्या एका प्रकरणात केरळ उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये गुन्ह्याची कारवाई रद्द केली. कुठल्याही रंगाचा झेंडा निषेध म्हणून दाखवणं कायद्यानं मनाई नसेल तर बेकायदा ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

शाईफेक मात्र माझ्या मते दगडाच्या बाजूची आहे. शाईनं जखम होत नाही, हे खरं. पण दुसऱ्याच्या अंगावर काहीही टाकणं म्हणजे त्याच्या अंगाला त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावणं. त्याचा निषेध करणाऱ्यांनीही मोजमाप सोडू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. डिसेंबर २०२२ मध्ये चिंचवडला मंत्री चंद्रकांत पाटील यांच्यावर शाई टाकली गेली, तेव्हा आरोपींवर चक्क खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ लावलं होतं. शाईला ३०७ लावलं, तर उद्या चाकूला काय लावणार?

आता शेजारच्या गृहस्थांच्या कायद्याकडे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१, कलम १२७. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानाच्या दिवसापर्यंत मतदारसंघात होणाऱ्या राजकीय सभांना ते लागू आहे. ज्या कामासाठी सभा बोलावली ते होऊ नये या हेतूनं कुणी बेशिस्त वागला किंवा इतरांना तशी चिथावणी दिली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस त्याचा तपास करू शकतात.

या कलमाचा जीव 'हेतूनं' आणि 'बेशिस्त' या दोन शब्दांत आहे. सभा बंद पाडायचीच असं ठरवून पन्नास जण शिट्ट्या घेऊन आले, वक्ता उठला की वाजवायला लागले, वायर तोडली, खुर्च्या फेकल्या, तर ते या कलमात बसतं आणि बसायलाच हवं, कारण ऐकायला आलेल्या हजार लोकांचा हक्क ते पन्नास जण हिरावून घेत असतात. एका माणसानं उत्तर मागणं हे सभेचं काम थांबवणं नव्हे. निवडणुकीच्या सभेचं काम मत मागणं हे असेल, तर ज्याच्याकडे मत आहे त्यानं विचारलेला प्रश्न त्याच कामाचा भाग आहे, असं मी तरी मानतो.

याच्या जोडीला निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता आहे. ती कायदा नाही, पण पक्षांनी मान्य केलेली आहे. एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी किंवा सहानुभूतीदारांनी दुसऱ्या पक्षाच्या सभेत तोंडी किंवा लेखी प्रश्न विचारून किंवा आपली पत्रकं वाटून गोंधळ घालू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे खटकलं. प्रश्न विचारायचाच नाही? पण गावाकडच्या निवडणुका पाहिलेल्या कुणालाही यामागचं कारण कळेल. हे बंधन नसतं तर प्रत्येक उमेदवारानं समोरच्याच्या सभेला वीस पोरं प्रश्न घेऊन धाडली असती. हे बंधन पक्षांच्या माणसांवर आहे, आणि तेही गोंधळ घालण्यावर. साध्या मतदाराचं तोंड बंद करायला ते लिहिलेलं नाही.

याच आचारसंहितेत सभांबद्दलच्या भागात आणखी एक वाक्य आहे, आणि ते सभेच्या प्रत्येक मांडवावर मोठ्या अक्षरांत लावावं असं मला वाटतं. सभेत कुणी व्यत्यय आणला तर आयोजकांनी बंदोबस्तावरच्या पोलिसांची मदत घ्यायची, आयोजकांनी स्वतः त्या माणसांवर कारवाई करायची नाही. म्हणजे उपरणंवाल्या पोरांना त्या बाबांच्या दंडाला हात लावण्याचा काडीचाही अधिकार नव्हता. व्यत्यय खरा असता, तरीही नव्हता. कलम १२७ मध्येही क्रम असाच आहे: सभेच्या अध्यक्षांनी विनंती केली तर पोलीस संशयिताला नाव-पत्ता विचारू शकतात, आणि त्यानं तो दिला नाही किंवा खोटा दिला अशी शंका आली तर वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अध्यक्ष, मग पोलीस, मग नाव-पत्ता. कार्यकर्त्यांचा हात यात कुठंच येत नाही. बंद सभागृहातल्या, फक्त निमंत्रितांसाठीच्या बैठकीची गोष्ट थोडी वेगळी. तिथं आयोजक तुम्हाला बाहेर जायला सांगू शकतात. पण मारायची परवानगी तिथंही नाही.

मे २०२४ मध्ये पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एका तरुणानं "कांद्यावर बोला" अशी घोषणा दिली आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. तो कुठल्या पक्षाचा, कुणी पाठवला, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. निफाड-लासलगाव पट्ट्यात कांद्यावर बोला म्हणायला कुणी पाठवावं लागतं का, हा माझा प्रश्न आहे.

याच विषयाची दुसरी बाजू जास्त अवघड आहे, आणि तिथं आपण सगळेच चुकतो. समजा वक्ता शांतपणे बोलतोय, पण त्याचं बोलणं न आवडणारे लोक म्हणतात, "हा बोलला तर आम्ही दंगा करू." पोलिसांनी कुणाला थांबवायचं? सोपा मार्ग म्हणजे वक्त्याची परवानगी नाकारणं. तो एकटा असतो, दंगा करणारे दोनशे. अमेरिकेतल्या कायद्याच्या चर्चेत याला 'हेकलर्स व्हेटो' म्हणतात. मी त्याला दमदाटीचा नकाराधिकार म्हणतो. धमकी एकानं द्यायची आणि गप्प दुसऱ्यानं बसायचं.

आपल्याकडे याचं एक जुनं आणि दुखरं उदाहरण पुण्यातलं आहे. १८९५ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पुण्याला भरलं, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. काँग्रेसच्या मंडपातच सामाजिक परिषद भरवण्याचा प्रघात होता. विधवाविवाह, मुलींचं शिक्षण असे विषय तिथं चालत. पुण्यात टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी त्याला विरोध केला, आणि परिषद भरली तर मंडप जाळू अशा धमक्यांपर्यंत प्रकरण गेलं. परिषद चालवणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद दुसरीकडे भरवली. काँग्रेस फुटू नये म्हणून त्यांनी ते केलं, त्यामागचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण त्या दिवशी पुण्यात धमकी जिंकली.

बारा वर्षांनी, डिसेंबर १९०७ मध्ये, सुरतेच्या अधिवेशनात चित्र फिरलं. आता बोलू न दिले गेलेले टिळक होते. अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचं नाव पुढे आलं. २६ तारखेला अनुमोदनाला सुरेंद्रनाथ उभे राहिले आणि जहालांनी इतका आरडाओरडा केला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्षांना चिठ्ठी पाठवली, की अध्यक्षांच्या निवडीच्या प्रस्तावावर मला बोलायचं आहे. चिठ्ठीला उत्तर आलं नाही. घोष भाषणाला उठले तेव्हा टिळक सरळ व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. तुम्हाला बोलता येणार नाही, असं स्वागताध्यक्षांनी त्यांना सांगितलं. टिळक हलेनात. काही तरुण त्यांना खाली ओढायला धावले.

तिथं हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकारानं पुढचं लिहून ठेवलंय. ओढायला आलेल्या लोकांच्या आणि टिळकांच्या मधे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले, दोन्ही हात पसरून. टिळकांचे आयुष्यभराचे विरोधक, त्या क्षणीही विरुद्ध गटात. तेवढ्यात एक जोडा हवेतून आला, तांबूस चामड्याचा, टोकदार, तळव्याला शिसं ठोकलेला मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागला आणि तिथून उसळून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या, काठ्या, आणि शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. काँग्रेसचे दोन्ही गट परत एकत्र यायला १९१६ साल उजाडलं.

सुरतेत कुणाचं चुकलं असं विचारलं तर माझं उत्तर असं: आदल्या दिवशी सुरेंद्रनाथांना बोलू न देणाऱ्यांचं चुकलं, दुसऱ्या दिवशी चिठ्ठी दाबून ठेवणाऱ्यांचं चुकलं, टिळकांच्या अंगाला हात लावायला धावणाऱ्यांचं चुकलं आणि जोडा फेकणाऱ्याचं चुकलं. गोखल्यांचं चुकलं नाही. पोलिसांनी सभेत काय करायला हवं हे मला कुणी विचारलं, तर मी गोखल्यांचे पसरलेले हात दाखवतो.

इंग्लंडच्या न्यायालयानं हीच गोष्ट त्याच्याही आधी, १८८२ मध्ये सांगितली होती. वेस्टन-सुपर-मेअर या गावात साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती धर्मप्रचारक संघटनेचे लोक मिरवणूक काढत, आणि 'स्केलेटन आर्मी' नावाची टोळी त्यांच्यावर चालून जाई. स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी मिरवणूकवाल्यांनाच दोषी धरलं. बिटी विरुद्ध गिलबँक्स या खटल्यात वरच्या न्यायालयानं ते फिरवलं. कायदेशीर गोष्ट करणारा माणूस, ती पाहून दुसरा बेकायदा वागेल हे त्याला ठाऊक असलं, म्हणून गुन्हेगार होत नाही. अमेरिकेत याच्या उलटही घडलंय. १९५१ च्या फायनर खटल्यात रस्त्यावर भाषण करणाऱ्या विद्यार्थ्याची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली, कारण ऐकणारे भडकले होते. तीन न्यायाधीशांनी विरोधी मत दिलं. पोलिसांनी आधी वक्त्याला वाचवण्याचा प्रयत्न करायला हवा होता, असं न्यायमूर्ती ब्लॅक यांचं म्हणणं होतं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात, एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम, याचा निकाल लावला आहे. मोर्च्याच्या किंवा हिंसेच्या धमकीपोटी अभिव्यक्ती दाबणं म्हणजे धाकदपटशापुढे शरण जाणं, आणि बोलणाऱ्याला संरक्षण देणं हे सरकारचं कर्तव्य. बोलणं थांबवायचं तर त्याचा धोक्याशी संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट हवा. हे कर्तव्य पार पाडता येतं, हेही मुंबईनं पाहिलंय. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद कसुरी यांच्या पुस्तक प्रकाशनावरून शिवसैनिकांनी कार्यक्रमाचे आयोजक सुधींद्र कुलकर्णींच्या तोंडाला काळं फासलं. त्याच संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये पोलीस बंदोबस्तात कार्यक्रम पार पडला.

मराठी माणूस म्हणून मला सगळ्यात जड जातं ते १९५५ च्या चौपाटीबद्दल बोलणं. २० नोव्हेंबरला मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं त्या व्यासपीठावरून सांगितलं जात होतं. तिथं असतो तर मीही संतापानं उठलो असतो. तरीही ती सभा उधळायला नको होती असं मला वाटतं. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाऊंटनला मोर्च्यावर गोळीबार झाला आणि १५ माणसं गेली. दगड आणि गोळी यांची बरोबरी मी करत नाही. गोळी झाडणाऱ्या सरकारचा दोष हजारपटीनं मोठा. पण आपली बाजू न्याय्य होती म्हणून समोरच्याला बोलू न देणंही न्याय्य झालं, हे मला पटत नाही.

शेवटी पोलिसांच्या हातातली साधनं, कारण कार्यकर्त्यांना रोज तीच भेटतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(३) म्हणजे आपली ओळखीची जमावबंदी. ती पोलिसांच्या आदेशानं १५ दिवसच टिकते, पुढे न्यायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. जुनं १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालंय. सभेला परवानगी हवी हा नियम बरोबर, पण हवी तेव्हा नाकारायची मोकळीक बरोबर नाही. हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या १९७२ च्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठानं, आपल्याच मुंबई पोलीस कायद्याखाली केलेला असा मोकाट नियम रद्द केला. सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, त्या सरसकट बंद करता येत नाहीत.

मंत्र्याचा दौरा असला की आदल्या रात्री घरी येते ती 'एकशेएकोणपन्नासची नोटीस'. नव्या संहितेत ती १६८ झाली. तुमच्या हातून दखलपात्र गुन्हा घडू शकतो, तो घडल्यास तुम्हाला जबाबदार धरू, असा तिचा मजकूर असतो. ती शिक्षा नाही, अटक नाही, घराबाहेर पडायला बंदीही नाही. तिची प्रत मागून घ्यावी, सही करताना तारीख-वेळ घालावी, आणि मी शांततेनं निवेदन देणार आहे असं लेखी उत्तर पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. कलम १७० खाली आधीच ताब्यात घेतलं, तर २४ तासांच्या वर ठेवता येत नाही, आणि का ताब्यात घेतलं हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणि सभेत कुणी दंडाला धरून ओढलंच, तर मारहाणीची नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून पोलीस ठाण्यातून परत फिरू नका. वाट अडवून धरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली दखलपात्र गुन्हा आहे, त्याची फिर्याद द्या. आचारसंहिता लागू असेल तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरून व्हिडिओ टाकता येतो. मी त्या दिवशी यातलं काहीच केलं नाही. फोन खिशात होता. बाबांची चप्पल उचलून गाडीपर्यंत नेऊन दिली, एवढंच.